एकविसांतले वीस दिवस

अनेक कर्करुग्णांच्या किमोचे वेळापत्रक एकवीस दिवसांचे असते. एक दिवस दवाखान्यात सलाईन लावायची, वीस दिवस घरी काढायचे आणि पुन्हा गाडी पकडायची. अशा चार, सहा, कधी आठ खेपा. केसपेपरवर नोंद होते ती त्या एका दिवसाची. औषध कोणते दिले, किती मिलिग्रॅम दिले, पांढऱ्या पेशी किती होत्या, पुढची तारीख कोणती. उरलेल्या वीस दिवसांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते, ‘ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे’. कोणत्या डॉक्टरांना, ते त्या ओळीत नसते. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातल्या एखाद्या घरात रात्री अकरा वाजता रुग्णाला एकशे एक ताप भरला, तर गावातल्या डॉक्टरला त्या औषधाचे नाव ठाऊक असेलच असे नाही, तालुक्याच्या दवाखान्यात त्या वेळी रक्त तपासून मिळेलच असे नाही, आणि जिथे किमो दिली ते रुग्णालय पाचशे-सहाशे किलोमीटरवर असू शकते. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. औषध बरोबर होते, डॉक्टरांनी कसूर केली नव्हती, तरी रुग्ण हातचा जातो. नांदेड-लातूरच्या कर्करुग्णाचे बरेवाईट बऱ्याच अंशी या वीस दिवसांत ठरते आणि नेमके तेच दिवस कुणाच्या नेमून दिलेल्या कामात मोडत नाहीत, असे या लेखाचे म्हणणे आहे. राहण्याची सोय, घरपोच देखभाल, समुपदेशन, कागदपत्रांची मदत, वेदनेवरचा इलाज या सगळ्याला आपण ‘आधार’ म्हणतो आणि दानधर्माच्या खात्यात टाकतो. ते उपचाराच्या खात्यात लिहायला हवे, आणि मुंबईतल्या परळच्या आधी ते नांदेड-लातूरला मिळायला हवे.

नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके, लातूरमध्ये दहा. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाखांवर जाते. गाठ निघाली की इथला माणूस चार दिशांना बघतो. पहिली दिशा अर्थातच ‘टाटा’. १९४१ मध्ये परळला सुरू झालेले हे रुग्णालय मराठवाड्यात केवळ आडनावाने ओळखले जाते आणि देवगिरी, नंदीग्राम किंवा लातूर एक्सप्रेसने निघालेल्या कुणीही ‘टाटाला चाललो’ म्हटले की पुढे विचारावे लागत नाही. दुसरी दिशा बार्शीची. तिथे १९८२ पासून ग्रामीण भागासाठी काम करणारी संस्था आणि तिचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिसरी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची, ज्याला आता राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या लोकांना मात्र हैदराबाद जवळचे. तिथल्या एमएनजे आणि बसवतारकम या कर्करोग रुग्णालयांची नावे त्या भागात सर्रास ऐकू येतात. लातूर शहरात १९६६ पासून चालणाऱ्या विवेकानंद रुग्णालयाने कर्करोगासाठी वेगळी सोय उभी केली आहे आणि दोन्ही शहरांतल्या खासगी दवाखान्यांत किमो व शस्त्रक्रिया होऊ लागल्या आहेत. म्हणजे उपचार पूर्वीपेक्षा जवळ आला, हे खरेच. पण उपचार म्हणजे एकदा जाऊन येण्याची गोष्ट नसते. लोक ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात ती रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस रोज घ्यावी लागते. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात साधारण पाच आठवडे आणि वर आतून द्यायचा शेक, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात सहा-सात आठवडे. यंत्राखाली रोज काही मिनिटे. त्या काही मिनिटांसाठी एक रुग्ण आणि एक सोबतीण परक्या गावात दीड-दोन महिने राहतात. सोयाबीन काढणीला आलेले असताना घरातली दोन माणसे अशी कमी होतात.

मुंबईत या माणसांसाठी पुष्कळ झाले आहे, हे आधी मान्य करू. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षे उतरतात. यात्रेकरू आणि गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधत गेलेल्या बाबांच्या नावाची वास्तू आज कर्करुग्णांना आसरा देते, हे त्यांच्या कामाला धरूनच झाले. परळमध्ये १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती आहे. कर्करोग झालेल्या लहान मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना विनामूल्य राहता यावे म्हणून २००६ मध्ये सेंट ज्यूड ही संस्था सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची, आणि असाध्य अवस्थेतल्या रुग्णांसाठी वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले ते १९८६ मध्ये. एवढे असूनही परळच्या फूटपाथवर पथारी पसरलेली कुटुंबे दिसतात, कारण देशभरातून येणारा लोंढा कोणत्याही धर्मशाळेला पुरणारा नाही. पण गर्दीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. या संस्थांचा हात पोचतो तो मुंबईत पोचलेल्या माणसापर्यंत. निघण्याआधी कोणते कागद घ्यावेत हे न कळल्याने दोनदा परत आलेला, किंवा तिसऱ्या किमोनंतर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरीच थांबलेला माणूस त्यांना दिसतच नाही. आधाराची गरज सर्वांत जास्त असलेला रुग्ण असा त्यांच्या नजरेआडच राहतो.

आधार दिल्याने रोगावर खरेच फरक पडतो की फक्त मनाला बरे वाटते, हा प्रश्न रास्त आहे. मनाला बरे वाटणे ही कमी मोलाची गोष्ट नाही, पण सरकारी तिजोरीतून पैसा मागायचा तर पुरावा हवा. पहिला पुरावा मुंबईतलाच. टाटा रुग्णालयाच्या बालविभागात २००९ च्या सुमारास उपचार नाकारणाऱ्या किंवा मध्येच सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण पाचात एक इतके होते. मग औषधाचा खर्च, राहणे, खाणे, समुपदेशन, आईवडिलांचे गट, आणि तारखेला न आलेल्या मुलाच्या घरी फोन, अशी साखळी बांधली गेली. काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. या घसरणीचे श्रेय कोणत्याही नव्या औषधाला देता येत नाही. दुसरा पुरावा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. तिथले शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये गरीब रुग्णांसोबत एक वाटाड्या देण्याची पद्धत सुरू केली. तारीख घेणे, कागद भरणे, भीती ऐकून घेणे, एवढेच त्याचे काम. त्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया पूर्वी ३९ टक्के होत्या, त्या पुढे ७० टक्के झाल्या. सगळे श्रेय वाटाड्याला देणे मात्र चूक ठरेल. त्याच काळात तिथे मोफत तपासणीही सुरू झाली होती आणि औषधेही सुधारली होती. तिसरा पुरावा नेमका त्या वीस दिवसांचा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात रोग पसरलेल्या ७६६ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना दोन भेटींच्या मधल्या काळात आपला त्रास नियमित कळवता येईल आणि तो वाढला की परिचारिकेला लगेच समजेल, अशी सोय दिली. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिला गट मध्यमानाने ३१.२ महिने जगला आणि दुसरा २६ महिने. पाच महिन्यांची ही भर एखाद्या महागड्या गोळीने घातली असती, तर तिची जाहिरात रस्तोरस्ती लागली असती.

हे सगळे मुंबईचे आणि परदेशातले. मराठवाड्याच्या मातीत असे काही रुजेल का, असे कुणी म्हणेल. रुजून पस्तीसहून अधिक वर्षे झाली आहेत, फक्त आपण ते विसरलो. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत किती जणांना कोणता कर्करोग होतो, हे मोजणे एवढाच तिचा हेतू. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांच्या वह्या चाळून भागते. इथे रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. ते लोकांशी बोलत, अंगावरून जाणे, न भरणारी जखम, गिळताना होणारा त्रास या लक्षणांची माहिती देत आणि ज्याच्या बाबतीत शंका येई त्याला तपासायला पाठवत. काही वर्षांत असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. १९९५ मध्ये हा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणतीही नवी तपासणी किंवा औषध त्या भागात गेले नव्हते. मोजायला गेलेल्या माणसांनी बोलता बोलता वाट दाखवली, एवढेच घडले होते.

पुढे याच पायावर त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जगभर गाजलेला अभ्यास उभा राहिला. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होते, म्हणून तो इथल्या वाचकाला घरचाच वाटावा. बार्शीची संस्था, टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे ५२ समूह केले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सामील केले. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी आठ वर्षांच्या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, असे त्यांत दिसले. तुलनेसाठीच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे टीका झाली आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण आपल्या मुद्द्यासाठी त्या अभ्यासातली एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांना तपासणीला बोलावले, त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के स्त्रिया आल्या. ‘खेड्यातल्या बायका असल्या तपासणीला येत नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे अधिकारी आणि डॉक्टर दोघेही सहज बोलून जातात. तपासणी गावात आली आणि बोलवायला ओळखीची बाई आली, तेव्हा दहांतल्या आठ जणी आल्या. बाकीच्या ठिकाणी त्या येत नसतील, तर बोलावण्याची रीत तपासून पाहायला हवी.

एक आक्षेप असा, की आधी यंत्रे आणि तज्ज्ञ आणा, आधाराचे नंतर बघू. यंत्रे हवीतच, नांदेड-लातूरच्या प्रत्येक गरीब रुग्णाला सरकारी खर्चाने जवळच्या जवळ शेक मिळाला, तर या लेखातल्या निम्म्या अडचणी सुटतील. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही विभागणी वैद्यकाला मान्य नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकाचा पूर्ण उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावा लागतो. तो त्यापलीकडे लांबला तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. राहायला जागा नाही म्हणून पोळ्याला गावी गेलेली आणि दहा दिवसांनी परतलेली बाई त्या दहा दिवसांची किंमत शरीराने मोजते. तिच्या बाबतीत धर्मशाळेतली खाट हा शेकाच्या मात्रेचाच भाग आहे. कोट्यवधींचे यंत्र आणून रुग्णाच्या खाटेला पैसे नाहीत म्हणणे म्हणजे पंप बसवून पाइपलाइन न टाकण्यासारखे आहे. याच आक्षेपाचे दुसरे रूप, की मराठवाड्यात कर्करोग तसा कमीच. आकडेवारी पाहता हे खोटे नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात शेजारच्या उस्मानाबाद-बीड भागात पुरुषांमधले प्रमाण लाखामागे ३९.५ होते, देशात सर्वांत कमी. मिझोरामच्या ऐझॉलमध्ये ते २६९.४. पण कमी प्रमाणाचा अर्थ काय होतो? दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला एखादाच नवा रुग्ण निघतो. त्या गावातल्या डॉक्टरने, आशाताईने, शेजाऱ्याने यापूर्वी नाकातून नळी घातलेला किंवा पोटावर पिशवी लावलेला माणूस पाहिलेला नसतो. जिथे रोग घरोघरी आहे तिथे निदान अनुभव तरी घरोघरी असतो. इथला रुग्ण एकटा पडतो तो रोग दुर्मिळ असल्यामुळेच.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो उलट बाजूने येतो. सरकारी योजना आहेत ना, मग अडते कुठे? योजना आहेत, आणि त्यांनी फार मोठा फरक पाडला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. तिचेच नाव पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. शेतकरी आत्महत्यांमुळे संकटग्रस्त ठरलेल्या चौदा जिल्ह्यांत नांदेड आणि लातूर असल्याने इथल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही लाभ मिळू लागला, आणि आता राज्यातल्या सर्वच कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. किमो, शेक, शस्त्रक्रिया यांचा खर्च त्यातून निघतो. निघत नाही तो गाडीभाड्याचा, खोलीचा, सोबत्याच्या जेवणाचा, बुडालेल्या रोजीचा आणि योजनेत बसण्याआधी केलेल्या तपासण्यांचा. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ मध्ये मोजले तेव्हा सरकारी रुग्णालयात कर्करोगासाठी एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्चच २२ हजारांच्या वर भरला होता. या बाहेरच्या खर्चासाठीही तरतुदी आहेत, ही यातली गंमत. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ आणि सोबत्याला पाऊणपट सवलत आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. दुर्धर आजारामुळे कमावू न शकणाऱ्यांना संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला दीड हजार मिळू शकतात आणि त्या आजारांत कर्करोग स्पष्टपणे नमूद आहे. पण रेल्वेचा दाखला रुग्णालयाकडून घ्यायचा, निराधारचा अर्ज तहसीलला द्यायचा, धर्मादाय खाटेसाठी उत्पन्नाचा दाखला दाखवायचा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज आणखी वेगळा. ज्या आठवड्यात कुटुंबाचे डोके बधिर झालेले असते, त्याच आठवड्यात त्याने चार खिडक्या ओळखायच्या असतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो आणि तो उपयोगी पडतो, पण त्याची हद्द योजनेपुरती आणि रुग्णालयाच्या दारापुरती. तहसीलच्या खिडकीपर्यंत तो येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत आपुलकीचा. आपल्याकडे घर आहे, भाऊबंद आहेत. ही असली सेवा एकट्या राहणाऱ्या पाश्चात्त्यांसाठी. घर आहे म्हणूनच इतके दिवस निभावले, यात वाद नाही. पण घर म्हणजे नेमके कोण, हे विचारले की उत्तर बहुतेक वेळा एका बाईवर येऊन थांबते, मग ती बायको असो, सून असो की शाळा सुटलेली मुलगी. तिला नळीतून पातळ अन्न कसे घालायचे, जखमेचा वास कसा कमी करायचा, कोणता ताप धोक्याचा, हे कुणी शिकवत नाही. तिची झोप आणि तिचे कंबरडे कुणी विचारत नाही. आणि रुग्ण तीच असेल तर? तेव्हा घराचा खांबच आजारी पडतो आणि भाऊबंद भेटायला येऊन चहा घेऊन जातात. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्याच्या वाट्याला वर दोषारोपही येतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बोलणे अस्पष्ट झाले, लाळ गळू लागली, की पंगतीला बसणे बंद होते. बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम असतात, त्यांनी पुष्कळ फरक पडतो, पण ते शिकवणारा माणूस जिल्ह्याच्या गावीही शोधावा लागतो. शिवाय घराचे प्रेम एका बाबतीत हमखास आडवे येते, ते म्हणजे रुग्णापासून रोग लपवण्यात. ‘म्हातारीला सांगू नका, धसका घेईल’ असे मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतो. हेतू चांगलाच असतो. पण जिला साधी गाठ काढली असे सांगितले आहे, तिने केस गळण्याचा आणि उलट्यांचा त्रास सहा वेळा का सोसावा? दोन खेपांनंतर ती ‘नको बाबा ते सलाईन’ म्हणते आणि घर तिच्यापुढे निरुत्तर होते. किती सांगायचे, केव्हा, कोणत्या शब्दांत, हे कौशल्याचे काम आहे. ते प्रेमाने आपोआप जमत नाही. प्रशिक्षित समुपदेशक मुलाची भीतीही ऐकतो आणि आईचा प्रश्नही.

वेदनेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या भागात सर्वांत मोठी उपेक्षा तिची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरी-पायरीने औषध वाढवण्याची पद्धत १९८६ मध्येच घालून दिली. साध्या गोळीपासून सुरुवात, मग मध्यम आणि शेवटी मॉर्फिन. मॉर्फिनची तोंडाने घ्यायची गोळी महाग नाही. तरी ती मिळत नाही, कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने तिच्याभोवती परवान्यांचे कुंपण घातले आणि डॉक्टरांची एक पिढी ती हाताळायला शिकलीच नाही. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. अत्यावश्यक अमली औषधांचा वेगळा गट झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवणे सोपे झाले. कायद्याचे कुंपण खाली आले, मनातले उरले. घरच्यांना वाटते व्यसन लागेल, डॉक्टरांना वाटते चौकशी लागेल. वेदनेसाठी योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन जडण्याची भीती रात्रभर कण्हणाऱ्या माणसासमोर ठेवून पाहिली, की ती किती अनाठायी आहे ते कळते. दुसरा गैरसमज असा, की पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी ही देखभाल, सगळे उपाय संपल्यावर सुरू करायची. अमेरिकेत फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही देखभाल निदानापासूनच मिळाली, त्यांना नैराश्य कमी आले, शेवटच्या काळात निरुपयोगी किमो कमी दिली गेली आणि तरीही ते अधिक जगले, मध्यमानाने ८.९ ऐवजी ११.६ महिने. केरळने १९९३ मध्ये कोळिकोडला एका लहानशा संस्थेपासून सुरुवात करून गावपातळीवरच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले आणि २००८ मध्ये त्यासाठी सरकारी धोरणही केले. परिचारिका घरी जाते, ग्रामपंचायत पैसा देते, शेजारी आळीपाळीने बसतात. केरळची साक्षरता आणि केरळच्या पंचायती आपल्याकडे नाहीत, हे उत्तर ठरलेले आहे. पण नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये रोज हजारोंची पंगत स्वयंसेवेने उठते आणि पंढरीच्या वाटेवर गावेच्या गावे परक्यांना जेवू घालतात. सेवेची सवय आपल्याकडे नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ती आजाऱ्याच्या उंबऱ्याकडे वळवण्याची व्यवस्था नाही, एवढेच म्हणता येईल.

ही व्यवस्था चालवायला माणसे कुठली? लातूरकडे याचे स्वतःचे उत्तर आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले गेले. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, भिंत कशी बांधायची, इंजिनिअरला काय विचारायचे, हे त्या शेजाऱ्यांना समजावत. अभियांत्रिकीचा गंध नसलेल्या बायकांनी सरकार आणि घर यांच्यातले अंतर कमी केले. आज प्रत्येक गावात आशाताई आहे आणि तीस वर्षांवरील लोकांच्या तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी अर्ज भरण्याचे काम तिच्याकडे आधीच आहे. मात्र तिच्यावर आणखी एक वही लादून मोकळे होण्याचा मोह टाळायला हवा. मोबदल्याविना वाढवलेले काम कागदावरच पूर्ण होते. तिने फक्त रुग्णाच्या घरी जाऊन ताप, वेदना, खाणे आणि पुढची तारीख एवढे विचारावे, त्याचे पैसे तिला मिळावेत आणि उत्तर काळजीचे असेल तर फोन करायला जिल्ह्यात एक ठरलेला माणूस असावा. असा माणूस घडवण्याचे शिक्षणही आता आपल्याकडे आहे. टाटा रुग्णालय आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी रुग्णांना वाट दाखवणारे कार्यकर्ते तयार करण्यासाठी ‘केवट’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. समाजकार्याची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात पुण्याकडे निघालेली मुले नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत थोडी नाहीत.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची आणि त्यांतली दोनशे पहिल्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. मोठ्या रुग्णालयाने ठरवलेली किमो घराजवळ मिळाली तर मुंबईच्या कितीतरी खेपा वाचतील, म्हणून या केंद्रांचे स्वागतच आहे. पण खाटा, खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड एवढ्यावर ती उघडली, तर तीही एकविसांतल्या एकाच दिवसाची होतील. मागणी करायची ती आताच, जागा आणि पदे ठरताना. प्रत्येक केंद्रात किमान एक वाटाड्या आणि एक समुपदेशक पगारी पदावर असावा. मॉर्फिन ठेवण्याची मान्यता केंद्र उघडतानाच घेतलेली असावी आणि आठवड्यातले काही दिवस घरी जाणारी परिचारिका व गाडी असावी. किमोच्या रुग्णाला ताप आला तर तालुक्याच्या डॉक्टरने पहिल्या तासात काय करायचे, याचा एक पानी मराठी कागद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पोचावा, आणि त्याच्या तळाशी रात्री उचलला जाणारा फोन नंबर असावा. निराधारचा अर्ज, रेल्वेचा दाखला, धर्मादाय खाट आणि सहाय्यता निधी ही चारही कामे एकाच टेबलावर व्हावीत. नांदेडमध्ये हे टेबल जिल्हा रुग्णालयात मांडता येईल. लातूरला जुने जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयात विलीन झालेले असल्याने ते महाविद्यालयाच्या रुग्णालयातच मांडावे लागेल, आणि त्यासाठी आरोग्य व वैद्यकीय शिक्षण या दोन खात्यांनी आधी एकमेकांशी बोलावे लागेल.